लिम्फोमाची एक गाठ विरघळते, दुसरी का राहते?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने आपल्या काकांविषयी प्रश्न विचारला आहे. काकांच्या मानेत आणि डाव्या काखेत गाठी आल्या. बागेत काम करताना हाताला जखम झाली होती, म्हणून काखेतली गाठ म्हणजे अवधाण असेल असे समजून दोन महिने गेले. पुढे बायॉप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग निघाला. आर-चॉप या अनेक औषधांच्या केमोथेरपीच्या सहा फेऱ्यांनंतरही दोन्ही ठिकाणी आजार शिल्लक होता, म्हणून तेथे रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजण्याचे एकक) याप्रमाणे वीस दिवसांच्या उपचारात ४० ग्रे रेडिएशन देण्यात आले. मानेतली गाठ पहिल्या आठवड्यातच विरघळू लागली आणि पूर्ण गेली. काखेतली थोडी लहान होऊन थांबली आणि पाच महिन्यांनी पुन्हा वाढू लागली. माणूस एक, आजार एक, यंत्र एक आणि डोसही एकच असताना हे असे का झाले, आणि डोस वाढवला असता तर ती गाठ गेली असती का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगली-मिरज भागात गेली पंचवीस वर्षे रेडिएशन उपचारांचे काम करतो. आमच्याकडे रुग्ण याला 'लाईट घेणे' किंवा 'शेक घेणे' म्हणतात, आणि त्या शब्दांमुळे एक समज घट्ट बसलेला आहे की, किरण गाठीला जाळतात. मग जी गाठ जळली नाही ती जास्त चिवट असणार आणि तिला जास्त शेक हवा होता. या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे असेल तर आधी हा समज बाजूला ठेवावा लागतो, कारण लिम्फोमाची पेशी किरणांनी जळून मरत नाही. बहुतेक वेळा ती स्वतःच मरते.

किरण पेशीतून जातात तेव्हा त्यांचे मुख्य लक्ष्य असते ते डीएनए. १ ग्रे डोसाने एका पेशीतल्या डीएनएचा एकच धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याचे प्रकार साधारण ३५ ते ४० होतात. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. खरे नुकसान दुहेरी तुटीचे. त्यांतल्याही बहुतेक तुटी काही तासांत सांधल्या जातात. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पेशी अशा तुटी अंगावर वागवत राहते, पुढे विभाजन करायला जाते, तेव्हा तिच्या गुणसूत्रांची वाटणी फसते आणि एक-दोन विभाजनांनंतर ती मरते. म्हणून त्या गाठी आठवड्यांच्या हिशेबाने बसतात. लिम्फोमाची गोष्ट वेगळी आहे. मानेच्या रुग्णासाठी आम्ही चेहऱ्यावर आणि खांद्यांवर घट्ट बसणारा प्लास्टिकचा साचा तयार करतो, जेणेकरून रोज मान त्याच जागी राहावी. लिम्फोमाच्या रुग्णांत चौथ्या-पाचव्या दिवशीच तंत्रज्ञ सांगत येतो की, साच्याखाली गाठीच्या बाजूला बोट जाईल एवढी जागा झाली आहे. तोवर जेमतेम ८ ते १० ग्रे डोस झालेला असतो. एवढ्या वेगाने गाठ बसते, कारण तिच्यातल्या पेशी विभाजनाची वाट न पाहता काही तासांतच आत्मनाशाचा मार्ग धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी ओळखू येते: ती आक्रसते, तिचे केंद्रक काळ्या गोळ्यांत तुटते आणि शेजारची भक्षकपेशी ते गोळे गिळून टाकते. या प्रकारच्या मृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी ॲपॉप्टोसिस हे नाव दिले.

फ्रान्समधील बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी १९०६ मध्ये असा नियम मांडला होता की, ज्या पेशी वेगाने विभागतात आणि ज्यांची वाढ अजून पक्की झालेली नसते त्या किरणांना अधिक बळी पडतात. विभाजन न करता शांत बसलेली लिम्फोसाइट हा या नियमाला सर्वांत मोठा अपवाद आहे. ती अतिशय लहान डोसाने मरते. उलट चेतवलेली, विभाजनाला लागलेली लिम्फोसाइट अधिक तग धरते. असे का, याचे उत्तर तिच्या नेमून दिलेल्या कामात सापडते. प्रतिपिंडे बनवण्यासाठी ही पेशी घडताना स्वतःचाच डीएनए मुद्दाम कापते आणि वेगवेगळ्या तुकड्यांची जुळणी करते. पुढे लसिकाग्रंथीत गेल्यावर त्याच जनुकांत हेतुपुरस्सर बदल करून पाहते. ज्या पेशीला हे इतके धोक्याचे काम दिले आहे, तिची कापाकापी चुकली तर तिने मुकाट्याने मरावे, अशी व्यवस्थाही तिच्यात भक्कम बसवलेली असते. लिम्फोमा रेडिएशनला इतका चांगला प्रतिसाद देतो तो या वारशामुळे. म्हणून एखाद्या लिम्फोमाची पेशी रेडिएशनला दाद देत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की, तिच्यातली मरण्याची ही व्यवस्था मोडली आहे. तिला नवे बळ मिळाले असे क्वचितच असते.

ही व्यवस्था कुठे मोडते ते आता पाहू. डीएनए तुटल्याची खबर एटीएम हे प्रथिन देते, ती खबर पी-५३ या प्रथिनापर्यंत जाते, आणि पी-५३ ठरवते की दुरुस्तीसाठी थांबायचे की मरायचे. मरायचे ठरले तर प्यूमा आणि नॉक्सा यांसारखी प्रथिने तयार होतात, ती मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) आवरणाला भोके पाडण्याची तयारी करतात, आणि बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल व एमसीएल-१ ही प्रथिने ती भोके पडू नयेत म्हणून अडून बसतात. पेशी जगणार की मरणार हे या दोन गटांच्या ओढाताणीवर ठरते. पी-५३ बनवणारे टीपी-५३ हे जनुक बिघडले तर खबर येऊनही हुकूम सुटत नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या साधारण पाचांतील एका रुग्णात हा बिघाड सापडतो, आणि केमोथेरपीला दाद न दिलेल्या ज्या गाठी रेडिएशनलाही दाद देत नाहीत, त्यांच्या मागे मला सर्वांत आधी याच बिघाडाची शंका येते. केमोची बहुतेक औषधेही शेवटी याच दारातून पेशीला मारतात. दार तेच बंद असेल तर औषध असो वा किरण, दोघांचीही अडचण एकच.

बीसीएल-२ ची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती मला थोडी सविस्तर सांगावीशी वाटते, कारण 'हे प्रथिन जास्त आहे म्हणून रेडिएशन लागू पडणार नाही' असा अर्थ अहवाल वाचून अनेक जण काढतात. फॉलिक्युलर या हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या बहुतांश रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. प्रतिपिंडासाठी डीएनए कापताना झालेली ही चूक आहे, आणि तिच्यामुळे बीसीएल-२ सतत तयार होत राहते. कागदावर पाहता हा लिम्फोमा रेडिएशनला सर्वांत चिवट ठरायला हवा. प्रत्यक्षात २ ग्रेच्या दोनच मात्रा, म्हणजे एकूण ४ ग्रे दिले तरी बहुसंख्य गाठी लहान होतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील फोर्ट चाचणीत ४ ग्रेने ८१ टक्के ठिकाणी आणि २४ ग्रेने ९१ टक्के ठिकाणी प्रतिसाद मिळाला. आजार दीर्घकाळ काबूत ठेवण्यात २४ ग्रे सरस ठरले, पण ४ ग्रेचे यशही थोडे नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ मध्ये अशाच रुग्णांच्या गाठींचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे नमुने तपासले, तेव्हा पी-५३ च्या हुकुमाखालची जनुके जागी झालेली आणि भक्षकपेशी कामाला लागलेल्या आढळल्या. याचा अर्थ असा की, अडून बसणारे प्रथिन कितीही असले तरी हुकूम देणारे शाबूत असेल तर दार ढकलून उघडता येते. म्हणून अहवालात एकट्या बीसीएल-२ कडे पाहून घाबरू नये. पी-५३ ची स्थिती सोबत पाहावी.

काही लिम्फोमांत अडसर बाहेरून घातला जातो. एनएफ-कप्पा-बी नावाची जगण्याचे संकेत देणारी यंत्रणा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या एका उपप्रकारात कायम चालू राहते आणि पेशीला मरणविरोधी प्रथिने पुरवत राहते. एपस्टाइन-बार विषाणूचे एलएमपी-१ हे प्रथिनही पेशीला असाच खोटा संकेत देते. हॉजकिन लिम्फोमाच्या रीड-स्टर्नबर्ग या कर्कपेशींतही हीच यंत्रणा चालू असते, तरीही हॉजकिन रेडिएशनने उत्तम बरा होतो. सुरुवातीच्या टप्प्यातील कमी धोक्याच्या रुग्णांना दोन फेऱ्या केमोनंतर २० ग्रे पुरतात. तेव्हा अशा एकेका संकेतावरून भाकीत करू नये, असेच मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो.

पेशी मरणाचा हुकूम टाळते तेव्हा तिच्या जगण्याचा भरवसा दुरुस्तीवर येतो. या बाबतीत उंदराच्या लिम्फोमाच्या एका पेशीवंशाने आम्हाला फार शिकवले आहे. एल-५१७८-वाय या वंशातून प्रयोगशाळेत वाढवताना आपोआप एक उपवंश निपजला, जो मूळ वंशापेक्षा किरणांना कितीतरी अधिक हळवा होता. अलेक्झांडर आणि मिकुल्स्की यांनी १९६१ मध्ये या दोन वंशांची नोंद केली. पुढे दिसून आले की, हळव्या वंशाला डीएनएच्या दुहेरी तुटी नीट सांधता येत नाहीत. विलक्षण गोष्ट अशी की, हाच हळवा वंश हायड्रोजन पेरॉक्साइडला मात्र अधिक टिकाव धरतो आणि क्ष-किरणांना तग धरणारा वंश पेरॉक्साइडने लवकर मरतो. एका घावाला चिवट असलेली पेशी दुसऱ्या घावाला नाजूक असू शकते. या निरीक्षणाचा उपयोग पुढे काकांच्या पुढील उपचारांचा विचार करताना होईल.

पेरॉक्साइडचा विषय निघाला म्हणून एक बाब इथेच सांगतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या डीएनएच्या नुकसानीपैकी सुमारे दोन-तृतीयांश नुकसान किरण थेट करत नाहीत. पेशीतल्या पाण्यापासून तयार होणारे क्रियाशील कण ते करतात. ग्लुटाथायोनसारखे पदार्थ हे कण शोषून घेतात. म्हणून रेडिएशन चालू असताना मोठ्या मात्रेतल्या ॲन्टिऑक्सिडंट गोळ्या घेऊ नयेत असे आम्ही सांगतो. रोजच्या जेवणातली भाजी, फळे, हळद यांवर कसलेही बंधन नाही, आणि काकांनी गोळ्या घेतल्या म्हणून गाठ राहिली असे कोणी म्हणत असेल तर तो दोष कृपया त्यांच्या माथी मारू नये.

ऑक्सिजनचा परिणाम याच कणांशी जोडलेला आहे. पेशीत ऑक्सिजन असेल तर डीएनएवरचा घाव पक्का होतो. नसेल तर तेवढेच नुकसान करायला अडीच ते तीन पट डोस लागतो. मोठ्या गाठीत रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे मायक्रॉनपलीकडच्या पेशींना ऑक्सिजन पोहोचत नाही. लिम्फोमाच्या गाठींना सहसा रक्तपुरवठा चांगला असतो, पण लिंबाएवढी झालेली, केमोच्या सहा फेऱ्या सोसलेली आणि आत मृत भाग असलेली काखेची गाठ या नियमात बसेलच असे नाही.

आता मूळ कोड्याकडे, म्हणजे मान आणि काख यांतल्या फरकाकडे वळतो. समजा, एक ग्रॅम गाठीत शंभर कोटी पेशी आहेत. मानेतल्या पेशींपैकी प्रत्येक २ ग्रे डोसानंतर ३० टक्के वाचतात आणि काखेतल्या ५० टक्के वाचतात, असे केवळ समजण्यासाठी धरू. एका दिवसात हा फरक डोळ्याला जाणवणारही नाही. पण वीस दिवसांनी मानेत एक पेशीसुद्धा उरण्याची शक्यता तीसांत एक एवढीच राहते, आणि काखेत साधारण साडेनऊशे पेशी जिवंत राहतात. या साडेनऊशे पेशी दर आठवड्याला दुप्पट होत गेल्या तर वीस आठवड्यांत पुन्हा शंभर कोटी होतात. काखेतली गाठ पाच महिन्यांनी वाढू लागली, हे या हिशेबाशी अगदी जुळते. रोजच्या लहानशा फरकाचा वीस वेळा गुणाकार झाला की दोन गाठींचे भवितव्य असे वेगळे होते.

एकाच आजाराच्या दोन गाठी मुळात वेगळ्या कशा झाल्या, हे तुम्हाला द्राक्षबागेतल्या दावण्या या बुरशीच्या रोगावरून लगेच समजेल. एकच बुरशीनाशक हंगामामागून हंगाम फवारले तर काही वर्षांनी ते लागू पडेनासे होते. औषध बुरशीला टिकाव धरायला शिकवत नाही. आधीपासून असलेल्या थोड्या चिवट बुरशीला मोकळे रान मिळते आणि तीच पसरते. काखेतल्या गाठीत टीपी-५३ बिघडलेल्या मूठभर पेशी पहिल्या दिवसापासून असतील, तर केमोच्या सहा फेऱ्यांनी बाकीच्या पेशी निवडून काढल्या आणि रेडिएशन सुरू होईपर्यंत त्या गाठीत मुख्यतः त्याच उरल्या. मानेतल्या गाठीत तशा पेशी नसतील. शरीर एक असले तरी पेशींचे कूळ दोन झाले होते.

अर्थात दावण्या गेला नाही म्हणजे औषधच निकामी असे तुम्हीही लगेच म्हणत नाही. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोहोचला का, हे आधी पाहता. रेडिएशनचेही तसेच आहे. काखेत हाताची ठेवण रोज एक-दोन सेंटिमीटर बदलली तर गाठीची कड क्षेत्राबाहेर राहू शकते. म्हणून पुन्हा वाढलेली गाठ जुन्या प्लॅनिंगच्या चित्रावर ठेवून पाहावी लागते: ती पूर्ण डोसाच्या आत वाढली, कडेला वाढली की बाहेर? आत वाढली असेल तरच त्याला रेडिएशनला प्रतिरोध म्हणता येईल. उपचारात खंड पडला होता का, हेही पाहावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा कितीतरी रुग्णांना बरेच दिवस उपचाराला येता आले नाही. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाला एवढी उसंत पुरते. शिवाय उरलेली गाठ म्हणजे नेहमी जिवंत आजार नसतो. कधी तो नुसता व्रण असतो, आणि हॉजकिनमध्ये तर हे वारंवार दिसते, कारण तेथे खऱ्या कर्कपेशी गाठीच्या जेमतेम एखादा टक्का असतात. पेट स्कॅन यासाठीच करतात, पण रेडिएशननंतर लगेच केला तर सुजेमुळे तो फसवतो. दोन-तीन महिने थांबावे लागते. काकांची गाठ मात्र वाढत असल्याने ती व्रण असण्याची शक्यता फारच कमी आहे.

डोस वाढवला असता तर काय झाले असते? वरच्याच हिशेबाने मानेइतकी खात्री काखेत मिळवायची तर वीसऐवजी पस्तीस दिवस, म्हणजे ७० ग्रे लागले असते. काखेतून हाताच्या मज्जातंतूंची जाळी जाते. एवढ्या डोसाने त्या जाळीला इजा होऊन हात कायमचा लुळा पडू शकतो, आणि हात सुजणे, फुफ्फुसाच्या टोकाला इजा होणे हे वेगळेच. केमोला दाद न दिलेल्या या प्रकारच्या लिम्फोमात आम्ही साधारण ४० ते ५५ ग्रे देतो, म्हणजे थोडी वाढ शक्य होती. ती केली असती तर उरलेल्या पेशी कमी झाल्या असत्या; गाठ हमखास गेली असती असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ४० ग्रेवर थांबवले त्यांनी चूक केली असेही मला वाटत नाही.

सगळ्याच लिम्फोमांत केमो आणि रेडिएशन यांचा प्रतिरोध हातात हात घालून चालतो असेही नाही. नाकात होणाऱ्या एनके-टी सेल लिम्फोमाच्या पेशींच्या पृष्ठभागावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. आर-चॉपमधल्या औषधांपैकी काही तो बाहेर फेकतो, त्यामुळे ती केमो अपुरी पडते. किरणांना कोणताही पंप बाहेर फेकू शकत नाही, आणि ५० ग्रेच्या आसपास डोस दिला की हाच आजार चांगला विरघळतो. उंदराच्या पेशींच्या दोन वंशांबाबत जे सांगितले तेच इथे माणसात दिसते: प्रतिरोध नेमका कशाचा आहे ते कळले की वेगळा घाव निवडता येतो.

काकांच्या बाबतीत म्हणूनच पुढची पायरी काखेतल्या गाठीची नवी बायॉप्सी ही आहे, आणि ती सुईने पाणी काढून तपासण्यापुरती नसावी. पूर्ण गाठ, किंवा ते शक्य नसेल तर जाड सुईने घेतलेले तुकडे हवेत. आपल्या भागात क्षयाच्या गाठी कमी नाहीत, आणि केमोने प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसात क्षय डोके वर काढतो, हीदेखील शंका त्यातून मिटेल. त्या तुकड्यांवर पी-५३, बीसीएल-२ आणि मिक (पेशीची वाढ चालवणारे जनुक) यांच्या तपासण्या कराव्यात. आजार तोच निघाला आणि तो काखेपुरताच असला, तर दुसऱ्या फळीची केमो आणि तिला प्रतिसाद मिळाल्यास स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग कार-टी पेशींचा. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (शरीराचे रक्षण करणाऱ्या लिम्फोसाइट) घडवून लिम्फोमाच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ या खुणेवर सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आहे. टीपी-५३ बिघडलेल्या आजारात या उपचाराचे यशही काहीसे कमी होते, पण टी-पेशीला पी-५३ च्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. ती दुसऱ्या दारातून आत शिरते. त्या पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात गाठ आटोक्यात ठेवण्यासाठी मर्यादित रेडिएशन पुन्हा उपयोगी पडू शकते. आधीच्या ४० ग्रेमुळे काखेत किती जागा शिल्लक आहे, हे मात्र जुन्या प्लॅनवरून मोजावे लागेल.

मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे किंवा मुंबईला टाटाला जाताना बहुतेक नातेवाईक फक्त अहवालांचे कागद घेऊन जातात. तुम्ही पहिल्या बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून सही करून मागून घ्या, आणि रेडिएशन विभागातून प्लॅनची सीडी घ्या. जुन्या ब्लॉकमधून पहिल्या दिवशीची पी-५३ ची स्थिती आजही तपासता येते, आणि ती नव्या तुकड्याशेजारी ठेवली की चिवट पेशी सुरुवातीपासून होत्या की मागाहून आल्या, हे कळेल. पुढचा उपचार काय असावा, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहे.